बाजरीच्या मुळाशी कोण असतं?

बाजरीच्या पेरणीआधी आम्ही बियाण्याला अ‍ॅझोस्पिरिलम चोळतो. हा जिवाणू हवेतला नत्र पिकाला देतो, एवढंच ठाऊक होतं. म्हणून एका वर्षी चाचांनी युरिया आणलाच नाही. बाजरी पिवळी पडली. चाची म्हणाल्या, "पैसे मातीत गेले!"

पैसे गेले नव्हते, या जिवाणूचं काम आम्हाला अर्धंच कळलं होतं. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडातील संशोधकांनी नेमकी बाजरीच घेऊन हे तपासलं. ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून हा जिवाणू ऑक्झिन बनवतो. ऑक्झिन म्हणजे झाडाची वाढ ठरवणारं संप्रेरक. जिबरेलिन आणि सायटोकायनिनसारखे पदार्थही थोडे सापडले. जिवाणू लावलेल्या रोपांना बाजूची मुळं जास्त फुटली आणि त्यांवर केसांसारखी दाट लव आली. गंमत म्हणजे, जिवाणूऐवजी नुसती संप्रेरकं एकत्र दिली, तरी मुळांत साधारण तसाच बदल दिसला!

मुळं वाढली की पाणी आणि खत जास्त शोषलं जातं. पण शोषायला जमिनीत खत हवं ना? जास्त चोळून जास्त फायदा, असंही नाही. ऑक्झिन अती झालं तर मुख्य मूळच खुंटतं.

आता आम्ही किलोभर बियाण्याला २५ ग्रॅम जिवाणू खत गुळाच्या थंड पाण्यात कालवून हलक्या हाताने लावतो. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी. बियाणं सावलीत सुकवून लगेच पेरायचं. आणि युरिया? चाचा आता माती तपासून आणतात.