तीच गोष्ट पुन्हा पुन्हा का?

गोष्ट संपते न संपते तोच लहान मुलांचं फर्मान निघतं, ‘परत सांग!’ आईबाबा कंटाळतात; मूल मात्र तितक्याच उत्सुकतेनं कान टवकारतं. या हट्टामागे शिकण्याची नैसर्गिक रीत आहे.

पहिल्यांदा गोष्ट ऐकताना कोण कुठं गेलं आणि काय घडलं, हे समजून घेण्यातच मुलाचं लक्ष गुंतलेलं असतं. घटना ओळखीच्या झाल्या, की ते नव्या शब्दांकडे वळतं. ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठात जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तीन वर्षांच्या मुलांवर हे तपासलं. नवे शब्द सगळ्यांच्या कानांवर सारख्याच वेळा पडले होते. तरीही वेगवेगळ्या गोष्टी ऐकणाऱ्यांपेक्षा त्याच गोष्टी पुन्हा ऐकणाऱ्या मुलांना ते अधिक चांगले आले.

दुसरी महत्त्वाची बाब म्हणजे संवाद. हार्वर्ड आणि एमआयटीच्या संशोधकांनी २०१८ मध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांचा अभ्यास केला. घरात मोठ्यांशी ज्यांचा दुतर्फा संवाद जास्त होता, त्यांच्या मेंदूतला भाषेशी संबंधित ‘ब्रोका’ हा भाग गोष्ट ऐकताना अधिक सक्रिय दिसला. नुसते शब्द कानांवर पडण्यापेक्षा हे आळीपाळीनं बोलणं मोलाचं ठरलं.

म्हणून चिऊ-काऊची गोष्ट सांगताना मध्येच थांबा. ‘शेणाचं घर वाहून गेलं, आता काऊ कुठं जाईल?’ असं विचारा. उत्तर चुकीचं असलं तरी पूर्ण ऐका, त्यात भर घाला. भातुकली खेळतानाही हेच करा. मुलाला बोलायला वेळ द्या. त्याच्या भाषेचा पाया घरातच घातला जातो.