लेकरू दात खात नाही, लाळ बदलते

वस्तीत गरोदर बायांच्या भेटीला गेलो की एक वाक्य आम्ही हमखास ऐकतो, "एक लेकरू, एक दात." आजी सांगते, सासू सांगते आणि सूनही मान डोलावते. हिरडीतून रक्त येते, दाढ ठणकते. पण बाळच आईच्या दातातला चुना ओढते, त्याला इलाज काय, म्हणून कोणी दवाखान्यात नेत नाही.

हे खरे नाही. बाळाला कॅल्शियम मिळते ते आईच्या जेवणातून, आणि तिथे कमी पडले तर तिच्या हाडांतून. दातातून ते काढून घेतले जात नाही. मग याच दिवसांत दात-हिरड्या का बिघडतात? उत्तराचा मोठा भाग लाळेत आहे.

आपल्या तोंडात दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते. त्यात जवळपास ९९ टक्के पाणी असते. उरलेल्यात क्षार आणि नाना प्रकारची प्रथिने. प्रत्येकाचे काम वेगळे. अमायलेज पिठूळ अन्न पचवायला सुरुवात करते. भाकरीचा घास बराच वेळ चावला की गोडसर लागतो, तो त्याच्यामुळे. लायसोझाइम जंतूंचे कवच फोडते. आयजीए जंतूंना दाताला, गालाला चिकटण्यापासून अडवते. स्टॅथेरिन लाळेतले कॅल्शियम विरघळलेले ठेवते, म्हणून दाताची बारीक झीज भरून निघते.

दिवस गेले की शरीरात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके वाढतात. ती लाळेतही उतरतात आणि लाळेतल्या प्रथिनांचे प्रमाणही बदलते. हा बदल प्रत्येक बाईत सारखा नसतो, महिन्यागणिकही वेगळा असतो. पण दिवस भरत येतात तशी लाळ थोडी आंबटाकडे झुकते आणि तोंडातला आंबटपणा मारण्याची तिची ताकद घटते. बाळंतपणानंतर ती पुन्हा सावरते. मधल्या काळात उलट्यांमुळे पोटातले आम्ल दातांवर येते. संप्रेरकांमुळे हिरड्याही फुगतात आणि थोड्याशा किटणानेही रक्त येते. म्हणजे राखण करणारी लाळ कमजोर आणि मारा जास्त, अशी ही स्थिती आहे.

म्हणून एवढे करा :

• उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नका. कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरा आणि थुंकून टाका. ब्रश तासाभराने करा.

• दोन वेळा मऊ ब्रशने, फ्लोराइडच्या पेस्टने दात घासा. रक्त येते म्हणून घासणे सोडू नका. किटण राहिले तर रक्त वाढते.

• मिश्री बंद करा. ती भाजलेली तंबाखूच आहे. हिरडी खराब होतेच, शिवाय बाळ कमी वजनाचे होऊ शकते.

• सुरुवातीच्या महिन्यांत काहींना तोंडाला फार पाणी सुटते. घाबरू नका. पण घोटभर पाणीही पोटात टिकत नसेल तर लगेच दवाखाना गाठा.

• दाढ दुखली तर मेडिकलवाल्याकडून मनाने गोळी आणू नका. दुखण्याच्या काही गोळ्या बाळाला घातक असतात. टेट्रासायक्लिनने बाळाचे दात डागाळतात.

आमच्या वस्तीतल्या एका बहिणीला सातव्या महिन्यात दाढेचा ठणका लागला. दवाखान्यातून "बाळंतपणानंतर या" म्हणून परत पाठवले. चार दिवस ती पेजेवर होती, मग गाल सुजला. दुसरीकडे नेले तेव्हा पू काढावा लागला. हे टळले असते. गरोदरपणात दाढ भरता येते, गरज पडली तर काढताही येते. चौथा ते सहावा महिना त्याला जास्त सोयीचा. पण पू किंवा सूज असेल तर महिना मोजत बसू नका. डॉक्टरांना गरोदर असल्याचे आधी सांगा.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली मोफत तपासणी होते. तिथे पोट तपासतात, बीपी घेतात. तुम्ही तोंड उघडा आणि म्हणा, "हिरडीही बघा." आशाताईंना सोबत न्या. पुन्हा "नंतर या" म्हणाले, तर आत्ता का नाही ते विचारा. दुखऱ्या दाढेने आई उपाशी राहिली, तर बाळही उपाशी राहते.