लॅन्यर्ड : एका दोरीच्या नावाची लोकव्युत्पत्ती

ओळखपत्र गळ्यात अडकवण्याची फीत तुमच्या परिचयाची आहे. तिला आपण ‘लॅनयार्ड’ म्हणतो. हा शब्द मुळात शिडाच्या जहाजावरचा असून त्याचे लेखन लोकव्युत्पत्तीने घडवले आहे.

जहाजावर लॅन्यर्ड म्हणजे एखादी वस्तू बांधून ठेवण्याची किंवा ओढून हाताळण्याची आखूड दोरी. तिचे मुख्य काम मात्र डोलकाठीशी निगडित होते. डोलकाठी दोन्ही बाजूंनी जाड दोरांनी ताणून धरलेली असे. अशा प्रत्येक दोराच्या खालच्या टोकाला तीन छिद्रांचा गोल लाकडी ठोकळा असे आणि तसाच दुसरा ठोकळा जहाजाच्या कडेला पक्का केलेला असे. दोहोंच्या छिद्रांतून लॅन्यर्ड आळीपाळीने ओवून आवळली, की वरचा दोर ताठ होई. दोर सैल पडला, की ती पुन्हा आवळावी लागे.

आता व्युत्पत्ती पाहू. फ्रेंच भाषेत ‘लानिएर’ म्हणजे चामड्याची वादी. आजही तो शब्द त्या भाषेत वापरात आहे. इंग्रजीत तो प्रथम ‘लॅनियर’ अशा रूपात आला. त्यात ‘यार्ड’ कोठेच नव्हते. परंतु शीड ज्या आडव्या वाशाला बांधतात, त्याला इंग्रजीत ‘यार्ड’ म्हणतात. हा शब्द खलाशांच्या तोंडी नित्याचा. साहजिकच ‘लॅनियर’च्या अनोळखी शेवटाच्या जागी तो येऊन बसला. अर्थाचा संबंध नसताना केवळ ध्वनिसाम्यामुळे असे घडते, तेव्हा आपण त्याला लोकव्युत्पत्ती म्हणतो. विल्यम फॉल्कनर याच्या १७६९ मधील नौकानयनकोशात ‘लॅनिअर्ड’ आणि ‘लॅनिअर्स’ ही दोन्ही रूपे शेजारी शेजारी दिली आहेत. (हा कोशकार स्वतः दर्यावर्दी होता आणि हिंदुस्थानकडे येणाऱ्या जहाजाबरोबरच तो बेपत्ता झाला.) खलाशांच्या झोळीवजा बिछान्याचेही असेच झाले. स्पॅनिश ‘आमाका’चे डच भाषेत ‘हांगमात’ झाले, म्हणजे टांगलेली चटई!

मराठी लेखनाचे काय? इंग्रजी उच्चारात शेवटचे अक्षर ऱ्हस्व, ‘यर्ड’सारखे ऐकू येते. आपण ‘यार्ड’ लिहितो ते अक्षरे पाहून. म्हणजे खलाशांचा तो गैरसमज देवनागरीतही उतरला. उच्चाराला ‘लॅन्यर्ड’ अधिक जवळचे आहे, म्हणून येथे तेच स्वीकारले आहे. तथापि रूढ झालेल्या ‘लॅनयार्ड’ला अशुद्ध ठरवण्याचे कारण नाही. मात्र व्युत्पत्ती लिहिताना ‘लॅन’ अधिक ‘यार्ड’ अशी फोड केलीत, तर ते उत्तर चूक ठरेल.