बॅटरी काढली तर चालतंय काय?

घरी विमान बांधणाऱ्याला मिशिगनमध्ये हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे 'मोटारीचं इंजिन का नाही लावत?' इथं निम्म्या लोकांची पोटं मोटारींवर चालतात. मी स्वतः मोटारींच्या इंजिनांवरच नोकरी करते, त्यामुळे प्रश्न विचारणाऱ्याचा आवाज माझ्यापाशी जरा चढतोच. प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर सविस्तर द्यायला हवं.

मी बांधतेय ते आरव्ही-९ए, ऑरेगनमधल्या व्हॅन्स एअरक्राफ्ट कंपनीचं. दोन माणसांचं, अ‍ॅल्युमिनियमचं. कंपनी पत्रे कापून, वाकवून, भोकं पाडून पाठवते; ते जोडून रिव्हेट मारायचं काम आपलं. अमेरिकेत अशा विमानाला परवानगी मिळते ती एका अटीवर : निम्म्याहून जास्त बांधणी हौशी माणसानं स्वतः, शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेली हवी. इंजिन, प्रोपेलर आणि पॅनेलवरची यंत्रं मात्र सरळ विकत आणायला हरकत नाही. पैसा खरा जातो तो तिथंच.

कोल्हापूरहून नातेवाईक विचारतात, हे आपल्याकडं जमेल का? जमलंय, पण फार कष्टानं. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत चारकोपला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. तेही संचातलं नव्हे, स्वतःच्या आराखड्याचं. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात ते मुंबईकरांनी पाहिलं आणि सरकारी नोंदणी हातात पडायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. माझ्यापुढं आखलेली वाट होती, त्यांनी ती पाडली. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे.

आता इंजिन. पहिली गोष्ट अशी की निवड आपण समजतो तितकी मोकळी नसते. विमानाचा आराखडा करणाऱ्यानं ताकदीची मर्यादा ठरवलेली असते. आरव्ही-९ए साठी ती ११८ ते १६० अश्वशक्ती आहे. जास्त ताकद लावली तर विमान नुसतं जोरात पळेल असं नाही. उंचावर, विरळ हवेत ते अशा वेगाला पोचू शकतं की पंख आणि शेपटी थरथरून तुटावीत. नाकातलं वजन वाढलं की तोलही बिघडतो. मोठं इंजिन बसवून कंपनीच्या मर्यादेवर मात केल्याचं कौतुकानं सांगणारे भेटतात. मला ते पटत नाही.

मोटारीच्या इंजिनाची अडचण ताकदीची नाहीच. दीड लिटरचं आजचं टर्बो इंजिन १६० अश्वशक्ती सहज देतं. तेवढ्याच ताकदीच्या लायकमिंग ओ-३२० या विमानाच्या इंजिनाला सव्वापाच लिटर लागतात. पण मोटार ती ताकद देते साडेपाच हजार फेऱ्यांच्या आसपास, आणि आपण ती वापरतो ओव्हरटेक करताना, घटकाभर. विमानाचं इंजिन ७५ टक्के ताकदीवर तासन्‌तास चालतं. शिवाय प्रोपेलर. सहा फुटी प्रोपेलर मिनिटाला २७०० फेऱ्यांनी फिरला तर पात्याचं टोक सेकंदाला सुमारे २६० मीटर धावतं. साडेपाच हजारांवर नेला तर ते टोक ध्वनीच्या वेगाच्या पुष्कळ पुढं जाईल. आवाज प्रचंड आणि ओढ नाहीशी. म्हणून लायकमिंग मुद्दाम सावकाश फिरतं आणि प्रोपेलर थेट क्रँकशाफ्टवर बसतो.

मोटारीच्या इंजिनाला मधे गिअरबॉक्स द्यावा लागतो. सिलिंडरात प्रत्येक स्फोट झाला की क्रँक किंचित पिळला जातो, दुसऱ्या टोकाला प्रोपेलरचं जडत्व त्याला धरून ठेवतं. एखाद्या ठरावीक गतीला हे पिळे एकमेकांत मिसळून वाढत जातात आणि इंजिन उत्तम, प्रोपेलर उत्तम असताना मधला शाफ्ट किंवा गिअरचा दात जातो. ऑस्ट्रियाच्या रोटॅक्सनं हा प्रश्न नीट सोडवलाय : त्यांचं ९१२ यूएलएस ५८०० फेऱ्यांवर शंभर अश्वशक्ती देतं आणि गिअरबॉक्स त्या फेऱ्या २.४३ पटींनी कमी करतो. पण ते काम अख्ख्या कारखान्याचं आहे, गॅरेजातल्या एका माणसाचं नाही. व्हॅन्सच्याच आरव्ही-१२ ला ते शोभतं; माझ्या विमानाला शंभर पुरत नाहीत. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं २०१२ साली घरी बांधलेल्या विमानांच्या अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. इंजिन दगा देणं आणि विमानावरचा ताबा सुटणं, ही दोन कारणं त्यात सगळ्यांच्या पुढं होती.

माझ्या वडिलांचं, अण्णांचं, कोल्हापूरच्या उद्यमनगरात वर्कशॉप. गुऱ्हाळावरची, विहिरीवरची ऑइल इंजिनं त्यांच्याकडं यायची; हँडल मारायचं की सुरू. व्हिडिओ कॉलवर मी तीन-चार इंजिनांची माहितीपत्रकं त्यांना दाखवत होते. त्यांनी ताकद विचारली नाही, किंमत विचारली नाही.

"बॅटरी काढली तर चालतंय काय?"

"लायकमिंग चालतंय, अण्णा. मोटारीचं नाही चालत."

"मग बघ की."

माझ्या मते इंजिन आणि पॅनेल या दोन्ही निवडींच्या मुळाशी हाच प्रश्न आहे. ठिणगी कुठून येते आणि पेट्रोल कोण ढकलतं? जुन्या धाटणीच्या लायकमिंगमध्ये कार्ब्युरेटर असतो, इंजिनच चालवतं असा पेट्रोलचा पंप असतो आणि दोन मॅग्नेटो असतात. मॅग्नेटोत लोहचुंबक गिअरवर फिरतो, वेटोळ्यात वीज तयार होते, ठिणगी पडते. बाहेरून काही लागत नाही. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, दोन मॅग्नेटोंकडून एकेक. पॅनेल काळंठिक्कर पडलं, बॅटरी जळाली, तरी प्रोपेलर फिरत राहतो. मोटारीच्या इंजिनात कॉम्प्युटर, इंजेक्टर, पंप सगळे विजेवर. ते लावलं की दुसरी बॅटरी, दुसरा आल्टरनेटर, त्यांची अदलाबदल करणारी स्विचं, हे सगळं ओघानं आलंच.

मॅग्नेटोची एक गोष्ट मी बघणाऱ्याला नेहमी दाखवते. स्विच 'बंद' केलं म्हणजे त्याची वीज तोडली जात नाही, ती अर्थ केली जाते. म्हणजे स्विचची तार तुटली तर मोटार बंद पडेल. मॅग्नेटो उलट चालूच राहील. आकाशात हा मोठा आधार आहे, जमिनीवर धोका. चावी खिशात असली तरी प्रोपेलरला हात लावताना तो जिवंत आहे असंच धरायचं. हातानं सावकाश फिरवला की आतून 'खट्ट' असा आवाज येतो. इंजिन सुरू करताना गती कमी असते, म्हणून तिथं चुंबकाला क्षणभर अडवून धरलं जातं आणि तेवढ्यात ताणलेली स्प्रिंग त्याला झटक्यात फिरवते. त्या झटक्यालाही ठिणगी पडू शकते.

जुन्याचे दोषही सांगायला हवेत. कार्ब्युरेटरमध्ये दमट हवेत बर्फ धरतो, मिश्रण हातानं पातळ करत बसावं लागतं, विमानाच्या पेट्रोलमधलं शिसं प्लगवर चढतं, आणि मॅग्नेटोचं टायमिंग उंची बदलली तरी हलत नाही. इलेक्ट्रॉनिक इग्निशन टायमिंग जुळवून घेतं, पेट्रोल वाचवतं. म्हणून बरेच जण एक मॅग्नेटो आणि एक इलेक्ट्रॉनिक, अशी जोडी लावतात. मीही तेच ठरवलंय.

सेकंडहँड इंजिन घ्यावं का? बघितलं तर खरं. जाहिरातीत 'तास फार कमी' असं लिहिलं होतं आणि विकणाऱ्यानं एक सिलिंडर काढून ठेवला होता. लायकमिंगचा कॅमशाफ्ट क्रँकच्या वर असतो; इंजिन पडून राहिलं की त्याच्यावरचं तेल निथळून जातं आणि गंज धरतो. टॅपेटचा तळवा बॅटरीच्या उजेडात बघितला. चकचकीत दिसत होता, पण नख फिरवलं तर कडेला अडकलं. बारीक खड्डे. चालवलं असतं तर त्याच खड्ड्यांनी कॅम कुरतडून लोखंडाचा चुरा तेलात सोडला असता. दर आठवड्याला उडणारं, लॉगबुकात पुष्कळ तास असलेलं इंजिन वर्षानुवर्षं झाकून ठेवलेल्या इंजिनापेक्षा भरवशाचं असतं. नवं घ्यायचं ठरलं ते तिथंच. आणखी एक फायदा : सरकारी प्रमाणपत्र असलेलं इंजिन आणि त्याला मान्य प्रोपेलर असेल तर चाचणी उड्डाणं साधारण २५ तासांची, मनाची जोडणी केली तर ४० तासांची.

पॅनेलच्या बाबतीत हौशी बांधणाऱ्यांची चंगळ आहे. प्रमाणित विमानाला लागणारी महागडी मान्यता आपल्याला लागत नाही, त्यामुळे गार्मिनचं जी३एक्स टच किंवा डायनॉनचं स्कायव्ह्यू तुलनेनं स्वस्तात मिळतं. एका पडद्यावर वेग, उंची, क्षितिज, नकाशा. १ जानेवारी २०२० पासून मोठ्या विमानतळांच्या आसपासच्या हवाई हद्दीत आपलं ठिकाण सतत प्रसारित करणारं एडीएस-बी सक्तीचं आहे, तेही त्यातच जोडता येतं.

पण सगळ्या पडद्यात मला प्यारा तो इंजिनाचा कोपरा : चारही सिलिंडरच्या हेडचं तापमान वेगवेगळं. लायकमिंगची मर्यादा ५०० अंश फॅरनहाइट आहे. जाणते लोक ४०० च्या आत ठेवतात. नव्या इंजिनात रिंगा बसेपर्यंत ते जोरातच चालवावं लागतं, तापही जास्त. एखादा सिलिंडर एकटाच तापत असेल तर हवा अडवणाऱ्या पत्र्यात कुठं तरी फट आहे, हे पहिल्याच उड्डाणात कळतं. शिवाय तेलाची नळी केबिनमध्ये आणावी लागत नाही. सेन्सर फायरवॉलच्या पुढं बसतात, आत येते ती फक्त तार.

मोठ्या पडद्याशेजारी मी एक छोटं, स्वतःची बॅटरी असलेलं यंत्र बसवणार आहे, आणि तेही दुसऱ्या कंपनीचं. एकाच कंपनीच्या दोन पडद्यांत एकच सॉफ्टवेअरची खोट असू शकते. चाचणीही ठरलीय : जमिनीवर इंजिन चालू ठेवून मास्टर स्विच बंद करायचं आणि काय काय उरतं ते कागदावर लिहायचं.

ऑर्डर मात्र इंजिन बसल्यावरच. इलेक्ट्रॉनिक्स दर वर्षी सुधारतं आणि गॅरेजात खोक्यात पडल्या पडल्या त्याची वॉरंटी संपते. सध्या पॅनेलचा पत्रा कोरा ठेवून मी फक्त तारांच्या वाटा आणि अर्थिंगची एकच जागा पक्की करतेय. ती दोन-तीन ठिकाणी विखुरली की हेडफोनमध्ये आल्टरनेटरची शिट्टी येते, आणि सगळं बसल्यावर ती शोधून काढणं महाकठीण.