कर्मचारी-अनुभव : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

नोकरीवर रुजू झाल्यापासून ती सोडेपर्यंत कामाचे तास, वेतन, वरिष्ठांचे वर्तन, निर्णयांत मिळणारा वाव आणि अडचणीच्या वेळची वागणूक यांतून माणसाच्या मनात कामाविषयी जी एकत्रित जाणीव घडत जाते, तिला व्यवस्थापनशास्त्रात ‘कर्मचारी-अनुभव’ असे म्हणतात. ही संज्ञा अलीकडची असली, तरी तिच्यामागचा प्रश्नही अलीकडचा आहे, तो माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांबरोबर भारतात आला आणि पांढरपेशा नोकरदारांपुरताच आहे, हा समज इतिहासाला धरून नाही. महात्मा फुले यांचे सहकारी आणि ‘दीनबंधू’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ मध्ये मुंबईतील सुमारे ५,५०० गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढीच कामाची वेळ, पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत हाती पडणे आणि अपघातात जायबंदी झालेल्याला भरपाई, अशा त्यातील मागण्या होत्या. साप्ताहिक सुट्टी गिरणीमालकांनी मान्य केली, ती १० जून १८९० रोजी. कामाचा अनुभव कशाने सुसह्य होतो याचे इतके नेमके उत्तर त्या कामगारांजवळ तेव्हाच होते. आणि त्यांतील पगाराच्या तारखेची मागणी अनेक कंत्राटी कामगारांना आजही करावी लागते, ही अत्यंत खेदाची गोष्ट आहे.

याउलट आजच्या अनेक आस्थापनांत कर्मचारी-अनुभव सुधारणे म्हणजे योगवर्ग, व्यायामशाळा, आरोग्य-शिबिरे आणि सणांचे कार्यक्रम योजणे, असे मानले जाते. अशा उपक्रमांत भाग घेणारे कर्मचारी अधिक निरोगी असतात आणि नोकरीत अधिक काळ टिकतात, हे निरीक्षण खरे आहे. मात्र त्याचे कारण उपक्रमांत असतेच असे नाही. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात २०१६ पासून सुमारे ५,००० कर्मचाऱ्यांवर झालेल्या प्रयोगात कोणाला आरोग्य-उपक्रमात सहभागाची संधी द्यायची हे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे यदृच्छेने ठरवण्यात आले, तेव्हा संधी मिळालेल्या आणि न मिळालेल्या गटांच्या वैद्यकीय खर्चात किंवा गैरहजेरीत लक्षणीय फरक आढळला नाही. आधीपासून निरोगी असलेली माणसेच अशा उपक्रमांकडे अधिक वळतात, आणि संशोधक ज्याला निवडीचा दोष म्हणतात तो हाच.

सर्वांत खोलवर रुजलेला गैरसमज मात्र एका प्रसिद्ध प्रयोगातून आला आहे, म्हणून त्याचा विचार सविस्तर करणे आवश्यक आहे. शिकागोजवळच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात अनेक प्रयोग झाले. त्यांपैकी १९२७ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगात दूरध्वनी यंत्रणेतील रिले नावाचे भाग जोडणाऱ्या पाच स्त्री-कामगारांना वेगळ्या खोलीत बसवून त्यांच्या विश्रांतीच्या वेळा आणि कामाचे तास टप्प्याटप्प्याने बदलण्यात आले, आणि काही वर्षांत उत्पादन सुमारे ३० टक्क्यांनी वाढले. विश्रांतीच्या सवलती मध्येच काढून घेतल्या, तरीही आठवड्याचे एकूण उत्पादन चढेच राहिले. यावरून, परिस्थिती कशीही असो, आपल्याकडे कोणी लक्ष देत आहे एवढ्या जाणिवेनेच माणसे अधिक काम करतात, असा निष्कर्ष पसरला, आणि ‘हॉथॉर्न परिणाम’ या नावाने तो पाठ्यपुस्तकांत स्थिरावला. प्रयोगाच्या मूळ नोंदी वेगळे सांगतात. नगांवर ठरणारी मजुरी पूर्वी मोठ्या विभागाच्या एकत्रित उत्पादनावर मोजली जात असे, ती आता केवळ त्या पाच जणींच्या उत्पादनावर मोजली जाऊ लागल्याने प्रत्येकीच्या श्रमाचे फळ तिच्या पाकिटात दिसू लागले होते. शिवाय १९२८ च्या आरंभी पाचांपैकी दोघींना हटवून त्यांच्या जागी इतर दोघींना आणण्यात आले होते. त्याच कारखान्यात दुसऱ्या एका गटाची केवळ मजुरीची पद्धत बदलली, तेव्हाही उत्पादन वाढले आणि जुनी पद्धत परत येताच ते खाली आले. लक्ष देणे निरर्थक आहे असा याचा अर्थ नाही. परंतु योग्य मोबदल्याच्या जागी कौतुकाचे शब्द चालतात, या समजुतीला हॉथॉर्नचा आधार घेता येत नाही.

अधिक तास म्हणजे अधिक निष्ठा आणि अधिक उत्पादन, या समजाला भारतात आठवड्याला ७० तास काम करण्याच्या आवाहनांमुळे पुन्हा बळ मिळाले आहे. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश दारूगोळा कारखान्यांच्या नोंदी अर्थतज्ज्ञ जॉन पेनकॅव्हल यांनी नव्याने तपासल्या, तेव्हा आठवड्याला सुमारे ५० तासांपलीकडे प्रत्येक वाढीव तासाचे फळ घटत जाते आणि ७० तासांचे उत्पादन ५६ तासांच्या उत्पादनाहून फारसे वेगळे नसते, असे दिसून आले. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या २०२१ च्या अभ्यासानुसार, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी अधिक असतो.

ताण हा मोठ्या पदांचा भार आहे, ही धारणाही तपासणीत टिकली नाही. लंडनमधील सरकारी कर्मचाऱ्यांच्या, १९६७ मध्ये सुरू झालेल्या व्हाइटहॉल अभ्यासात सर्वांत खालच्या श्रेणीतील पुरुषांमध्ये हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सर्वोच्च श्रेणीच्या तिपटीहून अधिक आढळले, आणि धूम्रपान, रक्तदाब यांसारख्या कारणांनी या फरकाचा काही भागच उलगडला. पुढे १९८५ पासून १०,३०८ स्त्री-पुरुषांचा जो दुसरा अभ्यास झाला, त्यात ‘कामावरील नियंत्रण’ हा घटक महत्त्वाचा ठरला. काम कोणत्या क्रमाने, कोणत्या गतीने आणि कसे करायचे हे ठरवण्याची मुभा, असा त्याचा अर्थ. ती जितकी कमी, तितका हृदयविकाराचा धोका अधिक होता.

घरून काम करणारे कामचुकारपणा करतात, हा समज याच नियंत्रणाच्या प्रश्नाशी निगडित आहे. चीनमधील ट्रिप डॉट कॉम या प्रवास-सेवा कंपनीत १,६१२ कर्मचाऱ्यांवर झालेल्या आणि २०२४ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आठवड्यातील दोन दिवस घरून काम करू दिलेल्या गटाच्या कामगिरीत घट झाली नाही, तर नोकरी सोडण्याचे प्रमाण एक तृतीयांशाने कमी झाले. हा लाभ स्त्रिया, व्यवस्थापक नसलेले कर्मचारी आणि लांबून ये-जा करणारे यांना अधिक झाला, ही बाब विरार किंवा कर्जतहून रोज लोकलने मुंबई गाठणाऱ्यांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. सर्वच दिवस घरी काढणे मात्र सर्वांना मानवत नाही. त्याच कंपनीच्या आधीच्या प्रयोगात घरून काम करणारे अनेक जण एकटेपणामुळे कार्यालयात परतले होते. नव्या प्रयोगाच्या आरंभी व्यवस्थापकांना उत्पादकता सरासरी २.६ टक्क्यांनी घटेल असे वाटत होते, आणि प्रयोग संपल्यावर त्याच व्यवस्थापकांचा अंदाज १ टक्का वाढीचा होता.