हिमवृष्टी, अतिवृष्टी आणि डोंगरी लोकजीवन : लाहौल व गगनबावडा यांच्या संदर्भात

प्रस्तावना :

कोल्हापूर जिल्ह्यात हिमवृष्टी होत नाही. तथापि वर्षातील काही महिने घराबाहेरचे जग जवळजवळ बंद होणे आणि त्या काळाची तयारी आधीच करून ठेवणे, हा अनुभव जिल्ह्याच्या पश्चिम भागास अपरिचित नाही. सह्याद्रीच्या माथ्यावरील गगनबावडा येथे सरासरी वार्षिक पर्जन्यमान ५,००० मि.मी.हून अधिक आहे. तेथून सुमारे ५५ कि.मी. अंतरावरील कोल्हापूर शहरात ते १,००० मि.मी.च्या आसपास येते. दुसरीकडे, हिमाचल प्रदेशातील लाहौल खोरे हिवाळी हिमवृष्टीमुळे शतकानुशतके दरवर्षी काही महिने जगापासून तुटत असे. या दोन प्रदेशांतील लोकजीवनाची तुलना करून, डोंगरी माणूस अतिरिक्त पर्जन्याशी कसा जुळवून घेतो आणि ती व्यवस्था आज कोणत्या वळणावर आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

हिम व पाऊस : स्वरूपभेद

दोन्ही प्रदेशांत पर्जन्यवाढीचे कारण पर्वतच आहे. बाष्पयुक्त नैर्ऋत्य मोसमी वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, थंड होतात आणि माथ्यावर कोसळतात. लाहौलला मात्र पीर पंजाल रांगेच्या आडोशामुळे मोसमी पाऊस अल्प मिळतो. तेथील मुख्य पर्जन्य डिसेंबर ते मार्च या काळात भूमध्य सागराच्या दिशेने येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांमुळे हिमरूपाने होते.

ताज्या हिमाची घनता पाण्याच्या साधारणतः एकदशांश असते. म्हणजे एक मीटर ताजे हिम वितळल्यास सुमारे दहा सें.मी. पाणी मिळते. या हिशेबाने गगनबावड्याचा वार्षिक पाऊस हिमरूपाने पडला असता, तर त्याचा थर ५० मीटर झाला असता. परंतु पाऊस वाहून जातो, हिम साचून राहते. दबून घट्ट झालेल्या हिमाचे वजन प्रतिघनमीटर ३०० कि.ग्रॅ.पर्यंत जाते. १०० चौरस मीटर छपरावर असा एक मीटर थर साचल्यास ३० टन भार पडतो. म्हणूनच हिमप्रदेशात छपरावरील हिम वेळोवेळी लोटणे हे ऐच्छिक काम राहत नाही.

घर आणि बेगमी :

लाहौलमधील परंपरागत घराचे छप्पर सपाट, लाकडी तुळयांवर काटक्या व माती दाबून केलेले असते. पाऊस कमी असल्याने ते टिकते. उन्हाळ्यात त्यावर वाळवण होते, तर हिवाळ्यात लाकडी फावड्यांनी हिम खाली ढकलले जाते. खालच्या मजल्यावर जनावरे आणि वर माणसे अशी रचना असल्याने उष्णता घरातच राहते. गगनबावडा परिसरातील घराचे छप्पर उलट तीव्र उताराचे व कौलारू असते. पावसाची झड भिंतीला लागू नये म्हणून पाखे खाली उतरविलेले असतात. गोठा येथेही राहत्या घराला लागूनच असतो. छपरांचे आकार भिन्न असले तरी एका छताखाली माणूस, जनावर आणि साठा सांभाळण्याची गरज समान आहे.

या साठ्यालाच मराठीत 'बेगमी' असा नेमका शब्द आहे. लाहौलमध्ये हिमवृष्टीपूर्वी चारा, सरपण, जवाचे पीठ व वाळविलेल्या भाज्या घरात येतात. आपल्याकडे मृग नक्षत्रापूर्वी शेणी, सरपण व पिंजर कोरड्या जागी रचली जाते. कौले परतली जातात. सांडगे, कुरडया, लोणची तयार होतात.

मात्र एक महत्त्वाचा भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. लाहौलमध्ये हिवाळ्यात शेतीची कामे थांबतात. सूत कातणे, विणकाम, हालडा व फागली यांसारखे सण यांना तो काळ मिळतो. गगनबावड्यात पावसाळा हाच भातलावणीचा, म्हणजे सर्वाधिक कष्टाचा काळ होय. इरले किंवा घोंगडे पांघरून दिवसभर चिखलात वाकणाऱ्या स्त्रीला घरी परतल्यावर कोरडे सरपण व धान्य मिळते की नाही, हे उन्हाळ्यातील बेगमीवर ठरत असे. तेथे बेगमी विश्रांतीसाठी होती, येथे ती श्रमासाठी होती.

पाण्याची साठवण आणि उतारांचा धोका :

हिम हा निसर्गाचा जलसाठा आहे. तो उन्हाळ्यात, पिकांना गरज असते तेव्हा, पाटांतून शेतापर्यंत येतो. सह्याद्रीवरील पाऊस अल्पावधीत पंचगंगेच्या खोऱ्यात उतरतो. त्यामुळे येथे साठवण माणसाला निर्माण करावी लागली. राजर्षी शाहू महाराजांनी हाती घेतलेले राधानगरी धरण आणि पावसाळ्यापूर्वी बरगे काढून पावसानंतर पुन्हा बसविले जाणारे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे ही त्याची ठळक उदाहरणे होत.

धोक्याच्या बाबतीतही साम्य आढळते. हिमस्खलने बहुधा ३० ते ४५ अंश उतारांवर होतात. फेब्रुवारी २००५ मध्ये काश्मीरमधील वाल्टेंगू नाड या गावात हिमस्खलनाने दीडशेहून अधिक बळी घेतले. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले. तेथेही मृतांची संख्या दीडशेवर गेली. कोणता उतार पूर्वी कधी सरकला, ही माहिती अनेकदा वृद्धांच्या स्मृतीतच असते. ती नोंदविली न गेल्यास त्यांच्याबरोबरच नष्ट होते.

बदलती परिस्थिती :

ऑक्टोबर २०२० मध्ये ९.०२ कि.मी. लांबीचा अटल बोगदा खुला झाल्यावर लाहौलचा हिवाळी एकांत बऱ्याच अंशी संपला. रुग्ण व विद्यार्थी यांच्या दृष्टीने हे मोठेच वरदान आहे. आपल्याकडेही रस्ते व दुकाने गावोगावी पोहोचल्याने बेगमीचे ओझे कमी झाले, आणि ते प्रामुख्याने स्त्रियांच्या डोक्यावरचे होते हे विसरता येत नाही. परंतु रस्ता बंद पडतो तेव्हा साठा नसलेले घर अधिक असहाय ठरते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला, तेव्हा कोल्हापूर शहरात इंधन, दूध व भाजीपाला यांची टंचाई निर्माण झाली. रोजच्या पुरवठ्यावर विसंबलेल्या शहराला त्या काळात गावाकडील जुन्या शहाणपणाची उणीव जाणवली.

निष्कर्ष :

हिम असो वा पाऊस, डोंगरी समाजाने त्यास केवळ आपत्ती मानले नाही. त्याभोवती घर, आहार, श्रम व सण यांचे वार्षिक वेळापत्रक रचले. हे वेळापत्रक जसेच्या तसे टिकविणे शक्य नाही आणि इष्टही नाही. मात्र त्यातील दोन गोष्टी जतन करण्याजोग्या आहेत : काही दिवस पुरेल इतका साठा आणि धोकादायक उतारांची सामूहिक स्मृती. पश्चिम भागातील अनेक विद्यार्थी आपल्या महाविद्यालयांत शिकतात. भूगोल, समाजशास्त्र व मराठी या विभागांनी एकत्र येऊन त्यांच्याकरवी घरातील वृद्धांच्या आठवणी, बेगमीचे शब्द आणि सरकलेल्या उतारांच्या जागा नोंदवून घेतल्यास ते अभ्यासाचे साधन होईल आणि एखाद्या पावसाळ्यात गावाच्या उपयोगीही पडेल.