रणभूमीवरील पुंगळ्या



आमच्या टोकावड्याच्या परिसरांत सिद्धगडाचें नांव आदरानें घेतात. २ जानेवारी १९४३ रोजीं तेथें पोलिसांच्या गोळीबारांत भाई कोतवाल व हिराजी पाटील हे धारातीर्थीं पडले. दरवर्षीं त्या दिवशीं लोक तेथें जमतात, ते कांहीं वस्तु पाहावयास नव्हे, तर ती जागा पाहावयास. आज ज्या संग्रहाची ओळख करून द्यावयाची आहे, तेथें याच्या उलट स्थिति आहे. वस्तु छपराखालीं आल्या आहेत आणि जागा मात्र दूर डोंगरांत राहिली आहे.

मणिपुरांतील इंफाळ येथें कांहीं हौशी मंडळींनीं धातुशोधक यंत्रें घेऊन १९४४ सालच्या रणभूमी पालथ्या घातल्या आणि सांपडलेल्या वस्तूंचें एक लहानसें खासगी संग्रहालय मांडलें. त्यांच्या संस्थेचें नांव सेकंड वर्ल्ड वॉर इंफाळ कॅम्पेन फाउंडेशन. जपानी साह्यानें २०१९ सालीं उघडलेलें शांति-संग्रहालय तें निराळें.

इतक्या दूरच्या संग्रहाशीं आपला काय संबंध, असें कोणी विचारील. मार्च १९४४ मध्यें जपानी सैन्य कोहिमाकडे निघालें असतां सांगशक या तांगखुल नागा गांवीं त्यास अडविणाऱ्या पन्नासाव्या हिंदी पॅराशूट ब्रिगेडबरोबर पांचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची चौथी पलटण होती. टेकडीवर पाणी नाहीं. विमानांतून टाकलेला दारूगोळा व पाणी पुष्कळसें शत्रूच्याच हातीं पडे. तरी २६ मार्चच्या रात्रीं माघारीचा हुकूम येईपर्यंत तें ठाणें टिकलें, आणि तेवढ्या दिवसांची सवड कोहिमाला मिळाली. आपल्याकडील शाळेच्या पुस्तकांतून हें नांव क्वचितच भेटतें.

संग्रहालयांत शिरतांच पाहुणा बहुधा भोंक पडलेल्या लोखंडी टोपापुढें थांबतो. तें स्वाभाविक आहे. परंतु माझ्या मतें अधिक बोलकी वस्तु म्हणजे काडतुसाची रिकामी पुंगळी. ओलसर मातींत लोखंड गंजून फुगतें व त्याचे पापुद्रे सुटतात. कापड व चामडें तर त्याच्याही आधीं कुजतें. पितळ मात्र हिरवें पडून टिकून राहतें. पुंगळीच्या बुडाशीं कारखान्याची खूण व साल ठोकलेलें असतें. ३०३ बंदुकीच्या पुंगळीवर इंग्रजी ‘के’ आणि ‘एफ’ हीं अक्षरें दिसलीं, तर ती आपल्या पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यांत घडलेली समजावी. जपान्यांच्या जुन्या अरिसाका बंदुकीची गोळी साडेसहा मिलिमीटरची, आपली सुमारें पावणेआठांची. तेव्हां कोणाची कोणती हें नुसत्या मापावरूनही पुष्कळदां कळतें.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढें आहे. बंदुकीची खीळ मागें ओढली कीं पुंगळी शिपायाच्या आसपासच पडते. गोळी मात्र पलीकडे जाऊन रुतते. म्हणून पुंगळ्या जेथें ओळीनें सांपडल्या तेथें माणसें उभीं होतीं, आणि गोळ्या ज्या बांधांत रुतल्या त्यावरून ते कोणीकडे नेम धरीत होते हें उमगतें. खणणाऱ्यानें जागा, खोली व दिशा टिपली नसेल, तर तीच पुंगळी मोडीच्या पितळेच्या भावाची. यास्तव पाहुण्यानें प्रत्येक वस्तूपाशीं आधीं एकच प्रश्न विचारावा: ही नेमकी कोठें मिळाली? सवयीनें वस्तु घासूनपुसून चकचकीत करणाऱ्यांचा मला तर रागच येतो; खुणा पुसल्या जातात त्या अशाच.

ओळखीच्या बिल्ल्यांची गोष्ट चमत्कारिक आहे. जपानी शिपायाचा बिल्ला पितळी, म्हणून तो टिकतो. पण साध्या शिपायाच्या बिल्ल्यावर पलटणीचा व त्याचा आंकडा असतो, नांव नसतें. ब्रिटिश पद्धतीच्या बिल्ल्यावर नांव असे, परंतु तो दाबलेल्या तंतूंचा, मातींत कुजून जाणारा. अस्थि सांपडल्या तरी त्या कोणाच्या हें पुष्कळदां कळत नाहीं तें यामुळेंच. ब्रह्मदेशाच्या मोहिमेंत ज्यांच्या थडग्याचा ठावठिकाणा नाहीं अशा जवळजवळ २७,००० सैनिकांचीं नांवें रंगूनजवळ टॉक्यान येथील स्मारकावर कोरलेलीं आहेत.

मणिपुरांत त्या युद्धांतील न फुटलेले बॉम्ब अजूनही जमिनींतून निघतात. तेव्हां रानांत कांहीं दिसल्यास त्यास हात न लावतां पोलिसांस कळवावें. मुलांना बरोबर नेणाऱ्यांनीं हें आधींच बजावून ठेवावें.

ज्यांच्या घरांतील कोणी त्या मोहिमेंत गेला व परतला नाहीं, त्यांनीं जाण्यापूर्वीं त्याची पलटण व नंबर जुन्या कागदांतून टिपून घ्यावा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या नोंदींत त्यावरून शोध घेतां येतो, आणि पुष्कळ नोंदींत शिपायाचें गांवही दिलेलें असतें. इंग्रजी कारकुनाच्या लेखणींत गांवांचीं नांवें मोडतात, म्हणून तें नांव दोनतीन तऱ्हांनीं लिहून शोधावें.